उतार

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, खारूचे केस बोटांनी दुभंगून पाहिले, कानांमागच्या घड्या उलटून पाहिल्या, कोपरांच्या आतून आणि गुडघ्यांच्या मागून अंगठा फिरवला, आणि खुर्ची मागे सारत म्हणाल्या, "झकास. आता काही हिला सारखं सारखं माझ्याकडे आणायला नको." बातमी चांगली होती. हेच ऐकण्यासाठी मावशीनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं. पण ते ऐकलं आणि जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि एकदम जमीन लागावी, तसं काहीतरी झालं. "हो का?" ती म्हणाली. आवाज इतका पडलेला निघाला की डॉक्टरीणबाईंनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. "अहो, आनंदाची गोष्ट आहे. हे खाजेचं दुखणं मुळासकट गेलं असं मी म्हणत नाही. अशा मुलांची कातडीच हळवी असते. हवा बदलली, ताप आला, की परत डोकं वर काढील. पण आता उतार आहे. आणि उठलंच तर काय करायचं ते तुम्हाला पाठ आहे. फार काही नाही, कोणीही करू शकेल. वडील नेणार होते ना हिला?"

"बरं वाटलं की नेतो म्हणालेत."

"मग झालंच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाहेरच्या बाकावरच्या पुढच्या मुलाला हाक मारली.

रस्त्यावर आल्यावर खारूनं सवयीनं हात वर केला आणि मावशीनं सवयीनं तो धरला. "आता परत कधी यायचं?" खारूनं विचारलं. "नाही यायचं." "कधीच?" "बाई म्हणाल्या, खारू बरी झाली." खारूनं यावर थोडा विचार केला. बेकरीच्या दारात एक म्हातारं कुत्रं झोपलं होतं, त्याच्याजवळ जाऊन तिनं त्याला सांगितलं, "मी बरी झाले." कुत्र्यानं एक डोळा उघडून मिटला. एरवी मावशी हसली असती. आज तिच्या चपलेत खडा शिरावा तसा तो एक शब्द शिरला होता, कोणीही. कोणीही करू शकेल. चालताना तो टोचत होता आणि थांबून काढताही येत नव्हता. कारण बाई खोटं बोलल्या नव्हत्या. कोमट पाणी, साधा साबण, तेल, मलम. यात असं काय होतं जे कोणाला आलं नसतं?

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायला बसायची. पुढे काउंटर, आरसे, गिऱ्हाइकांची येजा. मागे ती, पाण्याची बारीक धार सोडणारं चाक, आणि फ्रेमच्या मापाला आणायच्या काचा. इतकी वर्षं तिथं बसून तिला माणसांपेक्षा काचांची सवय जास्त झाली होती. काच बोलत नाही, रुसत नाही, आणि एकदा नीट बसली की गिऱ्हाइकाकडे जाते ती कायमची. काउंटरवरची तिला म्हणायची, "तुझ्यासारखी एकटी सुखी. ना कोणाचं करायला, ना कोणाचं ऐकायला." मावशी हो म्हणायची, कारण ते खरंच होतं. तिच्या दोन खोल्यांत प्रत्येक वस्तू जिथं ठेवली तिथंच सापडत होती. आणि मग मागच्या थंडीत धाकटीचा नवरा दारात उभा राहिला होता, कडेवर हे पोर घेऊन.

धाकटी म्हणजे तिची एकुलती एक बहीण. खारू नुकती धरून धरून चालायला लागली होती तेव्हा तापाचं निमित्त होऊन ती गेली. नवरा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर. कुठं माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की त्याला हातातला घास टाकून पळावं लागायचं, आणि मग पोर या शेजारणीकडून त्या शेजारणीकडे. शेजारीण म्हटली की ती अर्धी वैद्य असतेच. एकीनं डोक्याला कसलंसं कडू तेल चोळलं, दुसरीनं पावडर थापली, तिसरी म्हणाली केसांतच घाण आहे, काढून टाका, आणि वस्तरा फिरवून घेतला. चौथीनं गुरांना लावायचा साबण आणून दिला. कडेवरचं ते पोर डोक्याला फडकं बांधलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही हातांत बापाचे मोजे चढवून मनगटाशी दोरीनं बांधले होते. "रात्रभर ओरबाडते, ताई," तो म्हणाला. "रक्त काढते. मी कसलंही मशीन उघडतो आणि बसवतो, पण हिला हात लावायचं म्हटलं की माझे हात थरथरतात. मला जमत नाही." एवढा उंच, रुंद खांद्यांचा माणूस, आणि तो पायपुसण्यावर उभा राहून रडत होता. पोर रडत नव्हतं. ते मोजे घातलेल्या हातानं बापाच्या गालाला खाजवून देत होतं, त्यालाही खाज सुटली असेल असं समजून.

फडकं सोडलं तेव्हा मावशीला पहिल्यांदा शिसारी आली. ही गोष्ट तिनं कधी कोणाला सांगितली नाही. टाळूवर पिवळट खपल्यांचे थर होते, वाळलेल्या डिंकासारखे, मधे मधे ओलसर लाल चिरा, आणि कानांमागे कातडी नुसती सोललेली. आंबूस वास होता. पोराला बाथरूममध्ये उभं करून तिनं आधी आपलेच हात दोनदा धुतले, आणि आरशात स्वतःच्या तोंडाकडे पाहून तिला स्वतःची लाज वाटली. धाकटीचं आहे, तिनं मनाशी म्हटलं, धाकटीचं. तेवढ्यानं शिसारी गेली नाही. ती गेली ती सवयीनं, हळूहळू, इतकी हळू की ती कुठल्या दिवशी गेली हेही कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं ती करत गेली. तेल लावायचं आणि थांबायचं. मुरेपर्यंत थांबायचं. मग मऊ फणीनं खपली सुटेल तेवढीच सोडवायची, ओढायची नाही, कितीही मोह झाला तरी. कोमट पाण्यात बसवायचं, पण घटकाभर खेळू द्यायचं नाही. अंग पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर आहे तोवरच मलम लावायचं. अंगाला सुती कपडा, दुसरं काही नाही. नखं सतत कापायची. आणि सकाळी पोर उठण्याआधी चादर झटकायची, म्हणजे त्यावरचा कोंडा आणि रक्ताचे बारीक ठिपके त्याच्या नजरेला पडायला नकोत.

बाहेरचं जग हा वेगळाच आजार होता. बसमध्ये शेजारची बाई आपलं मूल उचलून पलीकडच्या मांडीवर घ्यायची. पाळणाघरवाल्या बाईंनी खारूसाठी वेगळी सतरंजी घातली, भिंतीकडेला, आणि वर "तिला मोकळं बसता यावं म्हणून हो" असं साखरेत घोळून सांगितलं. हे लागत नाही, कोणाकडून कोणाला होत नाही, हे सांगून सांगून मावशीच्या जिभेला घट्टे पडले. ज्या बाईनं आयुष्यभर काउंटरच्या मागच्या खोलीत बसून कोणाशी जास्त बोलायचं टाळलं होतं, ती आता बसमध्ये भांडायला लागली. "तिच्यापासून तुम्हाला काही होणार नाही," ती एकदा एकीला म्हणाली, "तुमच्यापासून तिला काही होऊ नये एवढंच बघते मी." सगळी बस हसली होती. खारूही हसली, काही न कळता, आणि त्या बाईला टाटा करत उतरली.

आणि मग तो वास. उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. टाळूवरची शेवटची मोठी खपली गेली होती आणि तिथं बाळाच्या जावळासारखे मऊ केस उगवले होते. मलम लावून झाल्यावर मावशी सहज वाकली, डोक्यावर कुठं लाली राहिलीय का बघायला, आणि तेलाच्या, मलमाच्या, साबणाच्या खालून तो वास वर आला. ती तशीच वाकलेली राहिली. धाकटीच्या भांगाचा वास. शाळेत जायच्या आधी जिन्याच्या पायरीवर बसून धाकटीला दोन गुडघ्यांत घट्ट धरायचं, नाहीतर ती पळायची, आणि तिचे दाट केस विंचरायचे. फणीचे दात तुटायचे असे केस. धाकटी किंचाळायची, "थोरले, मेले ग!" आणि ही म्हणायची, "मर, पण आधी वेणी घालू दे." आई खाली पाण्याच्या रांगेत असायची. वेण्या घालायचं काम थोरलीचं होतं आणि थोरलीला ते मनापासून आवडायचं हे धाकटीला कधी कळू दिलं नव्हतं. पुढे धाकटीनं केस कापले, लग्न केलं, दूर गेली. दवाखान्यात शेवटी तिच्याजवळ वाकली होती तेव्हा केसांना फिनेलचा वास येत होता, जमिनीला येतो तोच. तो वास वर्षभर मावशीच्या नाकात बसून होता. आणि आता या पोराच्या टाळूतून जुना वास परत आला होता, जणू धाकटीनं कुठं ठेवायला दिला होता. त्या दिवसापासून मलम लावून झालं तरी मावशी उठायची नाही. पोर मांडीला टेकून बोटांशी खेळत बसायचं, आणि ती नाक त्याच्या भांगात खुपसून बसायची. बाहेर अंधारून यायचं, दिवा लावायचा राहून जायचा.

त्या सगळ्याला आज उतार पडला होता. संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. तो दर खेपेला डॉक्टरांच्या तारखेला न चुकता करायचा. "काय म्हणाल्या, ताई?" "चांगलंय म्हणाल्या," मावशी म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिच्या आधी तिच्या तोंडातून बाहेर पडलं, "पण अजून थोडं बघायला हवं." "नाही, घाई नाही," तो म्हणाला. "आम्ही फक्त खोली रंगवून घेतली. ती म्हणाली, पिवळी करूया, पोरांना पिवळा आवडतो." ती म्हणजे त्याची नवी बायको. स्टेशनावर तिकिटांच्या खिडकीत बसायची. चार महिन्यांपूर्वी साधेपणानं लग्न झालं होतं, आणि ते करा म्हणून मावशीनंच त्याला सांगितलं होतं. एकट्यानं किती दिवस काढणार, पोराला घर हवं, वगैरे सगळं तीच बोलली होती. बोलताना तिचा शब्दन् शब्द खरा होता. "रंगाच्या वासानं तिला त्रास होईल हं," ती आता म्हणाली. "नाही ताई, तिनं दुकानात विचारून बिनवासाचा आणलाय. तिला सगळं माहितीय. ती वाचत असते त्याच्याबद्दल." मावशीनं फोन ठेवला. आपण काहीतरी शोधत होतो, आणि ते सापडलं नाही याचा आपल्याला राग आलाय, हे तिला कळलं. कळलं आणि तिनं ते लगेच कानाआड केलं.

थंडी पडायला लागली होती, हे खोटं नव्हतं. सुती टोपी धुऊन वाळत घातली होती आणि अजून दमट होती, हेही खोटं नव्हतं. कपाटावर काउंटरवरचीनं विणलेली लोकरीची लाल टोपी पडून होती. कानांवर येणाऱ्या पट्ट्या आणि वर गोंडा. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लोकर अंगाला लागता कामा नये, डोक्याला तर मुळीच नाही, म्हणून ती कधी वापरलीच नव्हती. खारू येताजाता मान वर करून तिच्याकडे बघायची. "ती गोंड्याची?" फोनच्या दुसऱ्या सकाळी पाळणाघराला निघताना तिनं नेहमीसारखं विचारलं. नेहमीचं उत्तर होतं, "ती आपली नाही." मावशीनं हात वर केला आणि टोपी खाली काढून तिला घातली. काढताना तिच्या डोक्यात अमुक एक विचार होता असं म्हणता येणार नाही. बरी झालीय ना आता, असा एक विचार होता. बाहेर गार आहे, असा एक होता. आणि या दोघांच्या मागं, मागच्या खोलीत दिवा न लावता कोणीतरी बसावं तसं काहीतरी बसलं होतं. तिकडं तिनं पाहिलं नाही. खारू आरशासमोर उभी राहून गोंडा हलवत राहिली. तिचा आनंद इतका होता की टोपी काढायला तिनं पाळणाघरातही नकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तीच हवी म्हणून हट्ट धरला, आणि मावशीनं तो मोडला नाही. पोराच्या आनंदावर विरजण कशाला घालायचं.

मग कानांमागं लाल झालं. आधी नुसती रेघ, मग चट्टा, मग पाणी सुटायला लागलं. कपाळाच्या कडेला, टोपीची किनार जिथं बसायची तिथं अगदी, बारीक पुरळ उठलं. आंघोळीच्या वेळी मावशीनं ते पाहिलं आणि तिच्या छातीत धस्स झालं. पण त्या धस्स होण्याच्या पोटात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते दुःख नव्हतं. तिनं लगेच फोन केला. "परत उठलंय," ती म्हणाली. "अरेरे," तो म्हणाला, आणि फोनपासून तोंड वळवून त्यानं कोणाला तरी हळूच तेच सांगितलेलं तिला ऐकू आलं, आणि पलीकडून बाईचा आवाज, "आई ग, बिचारी. फार खाजतंय का विचारा." मग तो परत आला. "मग राहू दे तुमच्याकडे, ताई. आम्हाला नाही जमायचं. तुमच्या हाताला गुण आहे." मावशीनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तेल कोमट करायला ठेवलं. वाटी, फणी, टिपायचं फडकं, मलम, सगळं ओळीनं मांडलं. खिडकी लावून घेतली. हे सगळं ती कशी करतेय ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचा हात थबकला. ती घाई करत होती. सणाची तयारी करावी तशी.

"खारू, ये," तिनं हाक मारली. खारू आली नाही. ती खाटेच्या कडेला बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि पाय अधांतरी. डोकं खाली. "ये ना, तेल लावायचंय." "मी नाही खाजवलं," खारू म्हणाली. "बरं." "खरंच नाही खाजवलं, मावशी. मी हातांवर बसले होते. पाळणाघरात पण हातांवर बसले." मावशी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. पोराच्या पापण्या ओल्या होत्या, पण ते रडत नव्हतं, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होतं. "झोपेत खाजवलं असेल," ते शेवटी म्हणालं, हळू आवाजात, कबूल करून टाकावं तसं. "झोपेत मला कळत नाही. माझं चुकलं." आणि मग खाटेवरून घसरून खाली उतरलं, कपाटाच्या खालच्या कप्प्यात शिरलं, आणि कुठूनसे ते बापाचे जुने मोजे ओढून घेऊन आलं. वर्षभर ते मोजे तिथं आहेत हे मावशी विसरून गेली होती. पोर विसरलं नव्हतं. त्यानं एक मोजा स्वतःच हातात चढवला, दुसरा दातांनी धरून ओढायचा प्रयत्न केला, तो जमेना, म्हणून दोन्ही हात पुढे केले. "बांध," खारू म्हणाली. "घट्ट बांध."

तेल शेगडीवर तापून धूर निघायला लागला होता. वास आला तेव्हा मावशी उठली आणि शेगडी बंद केली. मग ओट्याला टेकून उभी राहिली. तिला वाटलं होतं, आपण एक टोपी घातली. थंडीत सगळेच पोरांना टोप्या घालतात. आता तिला दिसलं की या दिवसांत पोर स्वतःवर पहारा देत बसलं होतं. दुखतंय असंही म्हणालं नाही, कारण आपलाच गुन्हा आहे असं त्याला वाटत होतं. आणि का वाटू नये? "खाजवू नको, खाजवू नको," हेच तर त्यानं या घरात सगळ्यात जास्त ऐकलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. या पोराचं जळत होतं आणि त्याला वेगळंच कळलं होतं. मावशी बाहेर आली, जमिनीवर बसली, मोजे काढले. "तुझं नाही चुकलं," ती म्हणाली. "टोपीनं झालं. लोकरीनं होतं असं. मी घालायला नको होती." "मग टोपीचं चुकलं?" "माझं चुकलं." खारूनं तिच्याकडे नीट पाहिलं. मोठ्या माणसांचं चुकतं ही बातमी तिला नवी होती. "असू दे," ती म्हणाली, पाळणाघरवाल्या बाई म्हणायच्या अगदी तशी, आणि मावशीच्या गुडघ्यांत पाठमोरी बसली. मावशीनं नवं तेल घेतलं. त्या संध्याकाळी तिनं नाक भांगात खुपसलं नाही. लावलं, टिपलं, झाकलं, आणि उठून दिवा लावला.

पुरळ उतरायला लागलं, पण पुरतं जायची वाट तिनं पाहिली नाही. कानांमागची लाली अजून होती तेव्हाच तिनं फोन केला. "या आणि घेऊन जा." "पण ताई, अजून…" "ते पुरतं बरं व्हायची वाट बघाल तर ती तिकडे कधीच येणार नाही. बरं होऊन होऊन परत उठतं ते. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. दोघंही या," ती म्हणाली. "तुमच्या बायकोला सगळं हातानं करून दाखवते."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते आले. नवी बायको ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वाकून बघणारी, काचेच्या खिडकीतून ऐकायची सवय असल्यासारखी. तिनं मावशीच्या पायांना हात लावायचा अर्धवट प्रयत्न केला आणि मावशीनं तो अर्ध्यातच थांबवला. मावशीच्या नजरेला आधी पडली तिची नखं. मुळाशी कापलेली होती, इतकी ताजी कापलेली की कडा पांढऱ्या दिसत होत्या; अंगठ्याला तर थोडं लागलंही होतं. वर्षभर वाढवलेली नखं असावीत, बोटांच्या टोकांना अजून त्यांच्याशिवाय वावरता येत नव्हतं. मावशीला वाटलं होतं हिचा आपल्याला राग येईल. त्याची तिनं तयारीही केली होती. ती नखं बघून ती तयारी सगळी वाया गेली.

कोमट पाणी झालं, आंघोळ झाली. खारूला नव्या बायकोच्या दोन गुडघ्यांमध्ये बसवलं. मावशी बाजूला पाटावर बसली, मलमाची डबी हातात धरून. धाकटीचा नवरा खिडकीशी उभा राहिला, पाठ अर्धी वळवून, कारण त्याला अजूनही बघवत नव्हतं. "पुसू नका, टिपा," मावशी म्हणाली. "हं. आता केस दुभंगा. नाही, फणीनं नाही, बोटांनी. मलम बोटावर घ्या, थोडंच. आता लावा." नवी बायको घाबरत घाबरत लावत होती, फुलपाखराला हात लावावा तशी, आणि खारू खिदळून अंग चोरत होती. "गुदगुल्या होतात!" "भिऊ नका, जरा दाबून," मावशी म्हणाली. "भिऊन लावलं की खाज वाढते." "मला अगं म्हणा, ताई," नवी बायको मान वर न करता म्हणाली. मावशीनं मान हलवली, पण अगं काही तिच्या तोंडातून निघेना. दाराशी खारूची पिशवी भरून ठेवली होती. सुती कपडे वर, औषधं बाजूच्या खिशात.

हळूहळू बोटं बसली. टाळूवरून कपाळाच्या कडेला, तिथून कानामागं, तिथल्या लाल चंद्रकोरीवर. खारूचं खिदळणं थांबलं. खांदे सैल पडले. खोलीत कोणी बोलत नव्हतं, नळ मधूनच ठिबकत होता. आणि मग खारूनं मान न वळवता विचारलं, "तू बोलत का नाहीस?"

"मी?" नवी बायको म्हणाली. "काय बोलू?"

"मावशी बोलते. मलम लावताना."

"मी कुठं काय बोलते ग?" मावशी म्हणाली. तिला खरोखरच आठवेना. "गप्पच तर असते मी."

"बोलतेस. हळू." खारूनं आवाज बारीक केला, जवळजवळ नुसता श्वास. "जाऊ नको. जाऊ नको. असं."

धाकटीचा नवरा खिडकीशी वळला आणि हसला. "पुरळाला सांगता की काय ताई, जाऊ नको म्हणून?" त्याच्या हसण्यात कोणी मिसळलं नाही, तेव्हा ते मधेच कुठंतरी संपलं. मावशीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कधीपासून? ती आठवायला लागली. तो वास आला त्या संध्याकाळपासून? त्याच्याही आधीपासून? दवाखान्यातल्या त्या खाटेपासून? आणि हे पोर इतके दिवस, तेल मुरेपर्यंत, तिच्या गुडघ्यांत बसून ते ऐकत होतं, आणि काय समजून ऐकत होतं? तिनं खाली पाहिलं. डबीचं झाकण ती इतकं घट्ट धरून बसली होती की त्याची कडा तळव्यात उमटली होती.

नव्या बायकोची बोटं थांबली होती. तिनं मावशीकडे पाहिलं नाही. ती त्या कानामागच्या लालीकडे बघत होती, बराच वेळ. मग तिनं मावशीच्या हातातल्या डबीतून बोटाच्या टोकावर आणखी थोडं मलम घेतलं.

"जाऊ नको, असंच म्हणायचं?" तिनं खारूला विचारलं.

"दोनदा," खारू म्हणाली.

"जाऊ नको," नवी बायको म्हणाली. आवाज आधी अडखळला, तिकिटांच्या खिडकीतून नाव पुकारावं तसा मोठा आला. मग ती पुढे वाकली आणि हळू झाली. "जाऊ नको. जाऊ नको."

खारूनं डोळे मिटले आणि मान मागं टाकली, तिच्या पोटाशी. मावशी पाटावर डबी धरून बसून राहिली. आता दाखवायचं असं काही उरलं नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.